ठराव त्रेसष्ट

स्कारबरोच्या सभागृहात दर जूनमध्ये
आम्ही डॉक्टर हात वर करायला जमतो.
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर नाव, नावाचं स्पेलिंग चुकलेलं.
बाहेर समुद्र, आणि चिप्सवरून भांडणारे सीगल.

माझा ठराव त्रेसष्टावा. जेवणाआधीचा शेवटचा,
म्हणजे सगळ्यांचं अर्धं लक्ष सँडविचकडे.
बोलायला दोन मिनिटं,
समोर एक दिवा. हिरवा, मग पिवळा, मग लाल.
दवाखान्यात मला एका माणसामागे दहा मिनिटं मिळतात,
इथे अख्ख्या गावासाठी दोन.

भाड्याच्या घरात बुरशी असल्याचं डॉक्टरनं लेखी कळवलं
की घरमालकानं ती चौदा दिवसांत काढलीच पाहिजे.
एवढाच ठराव.

त्या 'च'वर मी तीन रात्री घालवल्या होत्या.
इंग्रजीत त्याला 'मस्ट' म्हणतात, अख्खा शब्द लागतो.
मराठीत तो एवढुसा, शेपटीला चिकटलेला.
पण वडील, मिरजेच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणारे, म्हणायचे,
'च' असेल तर मागणी, नसेल तर मेहेरबानी.

हिरवा.
मी रीसबद्दल बोलले. खरं नाव माझ्यापाशी.
सहा वर्षांचा, ग्रिम्सबीच्या गोदीमागच्या गल्लीतला.
आजोबा मासेमारीच्या बोटीवर आइसलंडपर्यंत जाऊन
धडधाकट परत यायचे,
हा पलंगावर झोपल्याझोपल्या बुडतोय.
हिवाळ्यात अकरा वेळा आला.
मी निळा पंप दिला, तपकिरी पंप दिला, मग गोळ्या.
भिंतीला काय द्यायचं
हे मिरजेत शिकवलं नाही, इथेही नाही.

पिवळा.
इथे मी अडखळले. कागदावर होतं 'डॅम्प'
आणि तोंडाशी आली 'ओल'.
आमच्याकडे ओल म्हणजे चांगली गोष्ट.
मातीत ओल आहे, म्हणजे अजून काही उगवेल.
माणसात ओल आहे, म्हणजे त्याच्या दारी जाता येईल.
आई माणसं पारखायची ती यावरच.
हे सांगायला एकोणीस सेकंद पुरत नाहीत,
म्हणून इतकंच म्हटलं, त्याच्या उशीमागे
माझ्या तळहाताएवढा काळा डाग आहे
आणि मुलापेक्षा तो भरभर वाढतोय.

लाल.

हलच्या डॉ. चिनेदूंनी अनुमोदन दिलं.
मग एक जण उठला. भला माणूस, हसरा.
तत्त्वतः पाठिंबा आहे म्हणाला, आणि दुरुस्ती मांडली.
'काढलीच पाहिजे'च्या जागी 'काढण्याचा प्रयत्न करावा'.
सरकार असल्या शब्दांनी बिथरतं,
आपण दार उघडं ठेवायला हवं.

(रीसची आई दार उघडंच ठेवते, भर जानेवारीत,
हवा खेळती राहावी म्हणून.
मीच सांगितलं होतं तिला.)

दुरुस्ती मंजूर, एकशे चार विरुद्ध एकोणनव्वद.
ठराव मंजूर, एकमतानं.
टाळ्या. सँडविच.

जिन्यात ग्विलिम भेटले. खाणीच्या गावात
आयुष्यभर छात्या ऐकलेला म्हातारा.
म्हणाले, "धुळीसाठी आम्ही तोच शब्द सात वर्षं आणत होतो.
सातव्या वर्षी टिकला."
"मग?"
त्यांनी हातातलं सँडविच रुमालात गुंडाळलं,
खिशात ठेवलं, आणि रेलिंग धरून
एकेक पायरी उतरू लागले.

सोमवारी रीस आला. बारावी वेळ, ऐन उन्हाळ्यात.
पंप दिला. घरमालकाला पत्र लिहायला बसले
आमच्या संघटनेच्या मंजूर भाषेत,
'प्रयत्न करावा'पर्यंत आले,
आणि तो खोकला.
मी कर्सर मागे नेला.

पुढच्या जूनचा फॉर्मही भरून टाकलाय.
खाली एक ओळ जास्तीची लिहिलीये,
या वेळी सकाळचा नंबर द्या,
लोकांना भूक लागायच्या आधीचा.